तिसरं बटण

माझ्या नकाशावर उजवीकडे खाली एक हिरवा तुकडा होता. बाकीचं जंगल फिकट पिवळं आणि हा एकच तुकडा गडद. गडद म्हणजे तिथल्या झाडांचे घेर चोवीस वर्षांत चांगले वाढले. फिकट म्हणजे झाडं नुसतीच उभी राहिली. एकशे साठ प्लॉट, प्रत्येकात वीसेक झाडं, आणि दर चार वर्षांनी प्रत्येक झाडाला टेप गुंडाळून घेतलेलं माप, अशा सात फेऱ्या. वनखात्याचे ते जुने कागद संगणकात भरण्यात माझ्या एम.एस्सी.चं पहिलं वर्ष गेलं. आमच्या विषयाचं नाव वनसंपदा आणि अवकाशीय विश्लेषण असं भारदस्त आहे. नातेवाईक विचारतात तेव्हा मी "झाडांचे नकाशे" म्हणते, आणि ते "बरं, बरं" म्हणून लग्नाचा विषय काढतात.

हिरवा तुकडा पाहून आमच्या गाइड मॅडम खूश झाल्या. मॅडम सहसा खूश होत नाहीत. झाल्या की चष्मा कपाळावर चढवतात आणि मग तो शोधत बसतात.

"इथे काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

इथे काय आहे ते मला माहीत होतं. इथे माझे बाबा होते.

बाबा वनरक्षक. नोकरीची शेवटची चोवीस वर्षं त्यांनी एकाच बीटावर, म्हणजे जंगलाच्या एकाच भागावर, पायी काढली. बढतीचं पत्र दोनदा आलं आणि दोनदा त्यांनी परत पाठवलं, कारण बढती म्हणजे टेबलखुर्ची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की झाडांची सगळ्यात जास्त वाढ याच माणसाच्या बीटात झाली, आणि एक लाकडी ढाल दिली. तिच्यावर 'जंगल वाढवणारा माणूस' असं कोरलेलं आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनच्या वर ती टांगलेली असायची. बाबा ती स्वतः पुसायचे. घरातली दुसरी एकही वस्तू त्यांनी पुसलेली मी पाहिलेली नाही.

मी मॅडमना सांगून टाकलं की त्या बीटाचा वनरक्षक माझा बाप आहे. मला वाटलं, त्या हा भाग माझ्याकडून काढून घेतील. "मग तू जास्त कडक तपासशील," एवढंच म्हणून त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली.

बाबांना फोन केला. "बाबा, तुमचं बीट नकाशावर वेगळं दिसतंय."

"वेगळं म्हणजे?"

"गडद."

मग "दिसायलाच पाहिजे," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. आईकडून नंतर कळलं की त्याच संध्याकाळी ते तीन घरी जाऊन सांगून आले, पोरगी माझ्या जंगलावर प्रबंध लिहितेय, आणि ती तो सगळ्यांसमोर मांडेल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

मोडता घातला तो पिक्सेलने. पिक्सेल लॅबमध्ये माझ्या शेजारी बसतो. उपग्रहाच्या चित्रातला एकेक ठिपका मोठा करून बघत बसायची खोड, म्हणून हे नाव. त्याने माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "हा तुकडा चौकोनी का आहे?"

"बीटाची हद्द आहे ती."

"तेच विचारतोय. रेषेच्या दोन्ही बाजूंना माती तीच, उतार तोच, पाणी तेच. पाण्यामुळे झाडं वाढली असती तर ओढ्याकाठी वळणावळणाने वाढलेली दिसली असती. सरळ रेषा माणसं आखतात."

"कारण रेषेच्या या बाजूला चांगला वनरक्षक होता."

"वनरक्षक चांगला असला तर झाडं तुटत नाहीत. जाड कशाने होतील? तो काय रोज भरवत होता त्यांना?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांनाच जंगलात पाठवलं. दोन्ही बाजूंची झाडं पुन्हा मोजून आणा, म्हणाल्या.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घेतात. कुणाची छाती कुठे असा वाद नको म्हणून ही उंची जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटर अशी ठरलेली आहे. नियमांच्या पुस्तकात लिहिलंय की खुणेची काठी वापरा आणि त्या उंचीवर झाडाला रंगाचा पट्टा मारा. त्या जंगलात रंगाला मंजुरी मिळाली होती, रंग मात्र कधीच आला नाही. म्हणून आम्ही काठी घेऊन गेलो. पिक्सेल काठी धरणार, मी टेप गुंडाळणार.

रेषेपलीकडचे आकडे जुन्या कागदांशी नीट जुळले. मग आम्ही बाबांच्या बीटात शिरलो. पहिलं झाड. दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे बाबांच्या शेवटच्या फेरीची नोंद अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. माझं माप चौऱ्याण्णव.

"डाएटवर असेल," पिक्सेल म्हणाला.

दुसरं झाड तीनने बारीक, तिसरं पाचने. चौथ्या झाडाशी टेप हातातून सुटला, तो उचलायला मी वाकले आणि मला ती खूण दिसली. टेप लावण्याआधी बाबा चाकूच्या पाठीने शेवाळ आणि सुटी साल खरवडून काढायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचे तेव्हा शेवाळ उडून माझ्या डोळ्यात जायचं. तीच खरवड, पण काठीवरच्या खुणेच्या बरीच खाली. तिच्या वर आणखी एक, जुनी. तिच्याही वर एक, जवळजवळ भरून आलेली. पिक्सेलने काठी लावली आणि खालून वर आकडे वाचले: एकशे एकोणीस, एकशे बावीस, एकशे पंचवीस. मी सगळ्यात खालच्या खरवडीवर टेप गुंडाळला. जुन्या नोंदीतला आकडा तंतोतंत आला.

नऊ दिवसांत आम्ही बाबांच्या बीटातले चाळीसही प्लॉट पाहिले. सगळीकडे तेच. खडकाळ जमिनीतली ही झाडं बुंध्याकडे पसरट असतात. अकरा सेंटिमीटर खाली टेप लावला की घेर सरासरी चार सेंटिमीटरनं जास्त भरतो. बाबांच्या बीटातली चोवीस वर्षांची सरासरी वाढ सहा सेंटिमीटर होती. रेषेपलीकडे दोन. सहातून चार गेले. ही वजाबाकी पहिलीतल्या पोरालाही येते, आणि मी ती तीनदा केली.

"मोजणारा दर फेरीला खाली का सरकत गेला असेल?" पिक्सेलने विचारलं. मी टेप गुंडाळत राहिले. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं.

मॅडमनी दोनच वाटा ठेवल्या. एक तर या बीटाचे चाळीस प्लॉट गाळायचे. नाहीतर सातही फेऱ्यांत टेप किती उंचीवर होता ते दाखवायचं. आधीच्या चार फेऱ्यांच्या खरवडी कधीच भरून गेल्या होत्या. आणि चाळीस प्लॉट गाळले तर माझा प्रबंध आडवा. नवी माहिती गोळा करायला पुन्हा एक वर्ष. मी शनिवारी सकाळी घरी गेले.

दार बाबांनी उघडलं. त्यांच्या डोक्यावरून मला मागची ढाल दिसली. पूर्वी बाबा दारात उभे राहिले की मागचं काही दिसायचं नाही. मी बघतेय हे लक्षात आल्यावर ते ताठ झाले, दोन पावलं चालले आणि पुन्हा होते तसे झाले. मी दर महिन्याला घरी येणारी मुलगी. उपग्रहाच्या चित्रात कुठे काय बदललं ते सांगणं हा माझा अभ्यास. बाप वाकलाय हे मला झाडाच्या सालीवरून कळलं. मला माझीच लाज वाटली.

चहा झाल्यावर मी विषय काढला. आई मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज शिवत होती.

"बाबा, घेर घेताना उंची कशी ठरवायचात? काठी न्यायचात?"

"काठी?" बाबा हसले. "एका हातात टेप, एका हातात वही. काठी काय दातात धरू? हे बघ." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "तिसरं बटण. या बीटावर आलो तेव्हा तुझ्या आईने मला बूट घालून उभं केलं, जमिनीपासून एक मीटर तीस मोजलं आणि बरोबर तिथे तिसरं बटण लावलं. बाकीची त्याच्या हिशेबाने वर-खाली. झाडाला छाती भिडवायची, बटणासमोर टेप धरायचा. साहेबसुद्धा म्हणाले, काय डोकं आहे!"

"आणि पुढच्या युनिफॉर्मला?"

"प्रत्येक युनिफॉर्मला! दर दोन वर्षांनी नवा, दर वेळी बूट घालून उभं करायची. एकदा चुकली नाही. हो की नाही गं?"

मशीन थांबलं होतं.

"अहो, दूध संपलंय," आई म्हणाली.

"आत्ताच तर चहा झाला."

"संपलंय म्हणते ना."

बाबा पिशवी घेऊन गेले. आईने कपाटातून मापांची वही काढली आणि माझ्यासमोर टाकली. गिऱ्हाइकांची मापं ती याच वहीत लिहिते. एकेका माणसाला एकेक पान. मधल्या एका पानावर नावाच्या जागी नुसतं 'हे' लिहिलेलं. खाली तेरा ओळी, तेरा युनिफॉर्मच्या. खांदा, बाही, कॉलर, उंची आणि शेवटच्या रकान्यात 'ति. ब.' एकशे तीस, एकशे तीस, एकशे तीस, एकशे एकोणतीस. मग आकडे हळूहळू उतरत गेलेले. सगळ्यात खाली एकशे एकोणीस. मधे बावीस होतं, पंचवीस होतं, आणि ज्यांच्या खरवडी भरून गेल्या होत्या ती सगळी वर्षंही होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्यांदा सेंटिमीटरभर कमी भरलं. म्हटलं, बूट झिजले असतील. पुढे दोन, मग तीन. बटण तीसवर ठेवायचं तर ते गळ्याकडे सरकायला लागलं. तसं लावलं असतं तर आरशात बघून त्यांनी विचारलं असतं, हे असं वर का? काय सांगणार होते मी? तुम्ही वाकताय म्हणून?"

"मग?"

"मग शोभतं तिथे लावलं. पाठ जरा लांब कापायची, पुढा आखूड. सरळ दिसतो माणूस. गणवेशाच्या फोटोंत बघ, कुठे कळतंय का."

"आणि माप तरी लिहीत राहिलीस."

"माप घेतलं की लिहायचं असतं. यांच्यापासून लपवलं म्हणून काय वहीत खोटं लिहू?" तिने मशीनवरचा दोरा उगाच तोडला. "एका बटणाने कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं गं. झाड आपलं उभंच असतं जागेवर."

मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. तिचं बटण, बाबांची ढाल आणि माझी पदवी, सगळं एकमेकांत कसं अडकलंय ते तिला सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"वही ने," ती म्हणाली. "पण त्यांना कळू देऊ नकोस. काहीतरी तुमच्या भाषेत लिही, त्यांना समजणार नाही असं."

"पहिल्या रांगेत बसणार आहेत ते, आई. आणि मापं त्यांना समजतात."

समजली. आम्ही बोलत असताना बाबा कधी आत आले ते आम्हाला कळलंच नाही. दुधाची पिशवी मशीनवर ठेवून त्यांनी वही स्वतःकडे फिरवली. शेवटच्या रकान्यावरून त्यांचं बोट वरून खाली सरकत गेलं, मग तेच बोट तिसऱ्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. आयुष्यभर आकड्यांचे रकाने भरलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?" त्यांनी आईला विचारलं.

"सहाव्या वर्षापासून."

मग माझ्याकडे वळून, "घेर खालून घेतले गेले?"

"हो."

"फरक किती?"

"चार."

"सहातले चार." सहाचा आकडा त्यांना पाठ होता; साहेबांनी भाषणात सांगितला होता. "म्हणजे पलीकडच्या बीटाएवढीच वाढ."

"तेवढीच."

आई काहीतरी बोलायला गेली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मग त्यांनी असं काही विचारलं जे मला दीड वर्षात कुणी विचारलं नव्हतं.

"माझ्या प्लॉटमधली झाडं सगळी आहेत का?"

"म्हणजे?"

"नोंदीतली. उभी आहेत का?"

मला माझी मोजणीची वही काढून बघावं लागलं. "आठशे बारा होती. सात वाऱ्याने पडलीत, ती तिथेच आडवी आहेत. तुटलेलं एकही नाही."

"आणि रेषेपलीकडे?"

"शंभरात अकरा तोडलेली."

"बरं," बाबा म्हणाले. "मला राखायला ठेवलं होतं. वाढवायला कुणी सांगितलं नव्हतं." हे ते ठणकावून म्हणाले, पण नंतर जेवले नाहीत. दुपारी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी मी निघताना पाहिलं तर मशीनच्या वर नुसता खिळा होता. ढाल कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. वही माझ्या पिशवीत होती, आणि ती त्यांनीच, कव्हर घालून, ठेवली होती.

पुढचे तीन महिने मी एकेका झाडाचं माप दुरुस्त केलं. उजवीकडचा हिरवा तुकडा रोज थोडा फिकट होत गेला आणि एका सोमवारी बाकीच्या जंगलात मिसळून गेला. पिक्सेलने विनोद केला नाही. तुटलेल्या झाडांचा वेगळा नकाशा केला तेव्हा मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, पण त्यावर लिहायला आता वेळ नाही, म्हणाल्या. तो परिशिष्टात गेला. वहीतला 'ति. ब.'चा रकाना त्याच्या शेजारच्या पानावर गेला. घरी फोन केला की आई उचलायची. बाबा काय करतायत, असं विचारलं की "आहेत," म्हणायची. दोघं एकमेकांशी बोलत होते की नाही ते तिने कधी सांगितलं नाही.

सादरीकरणाच्या दिवशी मला वाटलं, ते येणार नाहीत. दहाला पाच मिनिटं कमी असताना दार उघडलं. पुढे आई, मागे बाबा, पायात नोकरीतले जुने बूट आणि अंगात नवा कोरा शर्ट. शर्टात काहीतरी विचित्र होतं, ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. वरची दोन बटणं कॉलरमध्येच दाटीवाटीने बसवली होती, तिसरं त्यांच्या लगेच खाली, गळ्याच्या खळगीजवळ. त्याच्या खाली वीतभर नुसतं कापड आणि मग उरलेली बटणं. आईने वीस वर्षं जे लावायचं टाळलं ते बटण तिने लावलं होतं. लोक बघत होते. बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मी नकाशे दाखवले. आधीचा हिरवा, नंतरचा फिकट. बाहेरून आलेले परीक्षक शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी परिशिष्टाचं पान उघडलं.

"तुमची सगळी दुरुस्ती एका शिंप्याच्या वहीवर उभी आहे," ते म्हणाले. "या बटणाची उंची खरंच मोजली जात होती, अंदाजाने लिहिली नव्हती, यावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

उत्तर मी पाठ करून आले होते. ते द्यायच्या आधीच पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली. बाबा उठले, चालत पुढे आले आणि पडद्याच्या उजेडात माझ्या शेजारी उभे राहिले.

"काठी आण," ते मला म्हणाले.

पिक्सेलने दाखवायला आणलेली मोजणीची काठी माझ्या हातात दिली. मी ती बाबांच्या बुटाशी टेकवून उभी धरली. सगळे बघत होते आणि बाबा ताठ व्हायचा प्रयत्न करत नव्हते. काठीवरची एक मीटर तीसची खूण आणि तिसरं बटण समोरासमोर आलं.